राखणदार नौका ‘बेंगाल’

वांकिडीपासून समुद्र शेकडो मैल दूर. आमच्या वाचकांपैकी कित्येकांनी तो पाहिलाही नसेल. तथापि रानवाटेने कापसाच्या गाड्या निघाल्या म्हणजे कोणी तरी काठी-कंदील घेऊन सोबत चालावे, ही जुनी रीत सर्वांस समजण्याजोगी आहे. दुसऱ्या महायुद्धात समुद्रावर हेच काम रक्षक नौका करीत. तेल, धान्य व माणसे वाहणारी जहाजे आकाराने मोठी, पण लढण्यास दुबळी. त्यांच्या बरोबर एखादी लहान सशस्त्र नौका चाले आणि शत्रू दिसताच दोहोंच्या मध्ये शिरणे हा तिचा धर्म असे.

‘बेंगाल’ ही त्यांपैकीच एक. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे बांधलेली ही नौका ऑगस्ट १९४२ मध्ये त्या वेळच्या रॉयल इंडियन नेव्हीत दाखल झाली. त्या आरमारात कोकणातील, विशेषतः रत्नागिरीकडील दर्यावर्दी मुसलमानांचा भरणा पूर्वापार मोठा होता. वजन सातशे टनांच्या आतबाहेर. मोठी म्हणावी अशी तोफ एकच, तीही बारा-पौंडी. कप्तान होते लेफ्टनंट कमांडर विल्यम विल्सन. नोव्हेंबरच्या आरंभी ‘ओंडिना’ या डच तेलवाहू जहाजाची राखण करीत ती फ्रीमँटल बंदरातून दिएगो गार्सियाकडे निघाली.

११ नोव्हेंबर १९४२. तो दिवस तूरचे संत मार्टिन यांच्या सणाचा. आपला अर्धा झगा भिकाऱ्यास देणाऱ्या त्या शिपाई-संताचा. दुपारच्या सुमारास कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येस दोन जपानी जहाजे दिसली: ‘होकोकू मारू’ व ‘आइकोकू मारू’. प्रत्येक दहा हजार टनांहून मोठे, आणि धाडी घालण्यासाठीच शस्त्रसज्ज केलेले. विल्सन यांनी ‘ओंडिना’ला निसटून जाण्याचा इशारा दिला आणि आपली चिमुकली नौका सरळ शत्रूच्या रोखाने वळविली.

‘ओंडिना’ मात्र गेली नाही. पळून सुटण्याइतका वेग आपणांत नाही हे ओळखून तिचे कप्तान विलेम हॉर्समन यांनीही आपली एकुलती एक तोफ सुरू केली. थोड्याच वेळात ‘होकोकू मारू’च्या मागील भागी गोळा बसला, आग भडकली आणि मोठा स्फोट होऊन ते जहाज बुडाले. शहात्तर माणसे त्यासोबत गेली. तो गोळा कोणाचा, यावर पुढे पुष्कळ शाई खर्ची पडली. अभ्यासकांचा कल ‘ओंडिना’च्या बाजूने दिसतो. आम्हांस हा वाद गौण वाटतो. ‘बेंगाल’ने आधी तोंड वळविले नसते, तर तो गोळा सोडण्यास उसंत मिळाली असती काय?

अवघड प्रश्न निराळाच आहे. ‘बेंगाल’चा दारूगोळा संपत आला, ‘ओंडिना’ आता वाचत नाही असे वाटून विल्सन यांनी नौका मागे घेतली. रक्षकाने रक्षिताला सोडून जावे काय? घरी खुर्चीत बसून न्याय देणे सोपे आहे. परंतु रिकाम्या तोफेनिशी तेथे थांबून बुडण्याने ‘ओंडिना’चा एकही माणूस वाचला नसता, असे आमचे मत आहे. इकडे हॉर्समन तोफगोळ्याच्या तुकड्यांनी ठार झाले होते. जहाजावर पाणतीर आदळले, लोक होड्यांत उतरले, आणि त्या होड्यांवरही मशीनगनचा मारा झाला. युद्धाच्या कोणत्याही नीतीत हे बसत नाही.

जहाज बुडतेच आहे असे समजून ‘आइकोकू मारू’ निघून गेले. ‘ओंडिना’ तरंगतच होती! खलाशी पुन्हा चढले, आग विझविली, यंत्र चालू केले. १७ नोव्हेंबरला ‘बेंगाल’ दिएगो गार्सियास पोहोचली, ती ‘ओंडिना’ गेली अशा समजुतीने. आणि दुसऱ्याच दिवशी ‘ओंडिना’ फ्रीमँटल बंदरात परतली. ‘बेंगाल’वर एकही माणूस दगावला नव्हता. ती पुढे स्वतंत्र भारताच्या नौदलात आली आणि १९६० मध्ये सेवानिवृत्त झाली. ‘ओंडिना’ त्याच्या आदल्याच वर्षी मोडीत निघाली होती.