एलंड रोडवरचे ४४ दिवस

आपल्या महाविद्यालयात कबड्डी आहे, खो-खो आहे, क्रिकेट तर आहेच आहे. फुटबॉल मात्र जिमखान्याच्या कपाटात हवा गेलेल्या स्थितीत पडून असतो. तेव्हा एका इंग्रज फुटबॉल क्लबच्या पन्नास वर्षांपूर्वीच्या हंगामाविषयी मी का लिहावे, असा प्रश्न वाचक मित्रांना पडणे साहजिक आहे. त्याचे कारण पुढे ओघात येईल. तूर्त एवढेच सांगतो की, ही हकीकत मी प्रथम एका चित्रपटात पाहिली, मग तिच्यामागचे खरे काय ते शोधत गेलो आणि शोधता शोधता परीक्षेचा अभ्यास मागे पडला.

क्लबचे नाव लीड्स युनायटेड. उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशर परगण्यातले लीड्स हे लोकरीच्या गिरण्यांचे जुने शहर, आणि एलंड रोड हे या क्लबचे मैदान. हंगाम १९७४-७५चा.

आरंभी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. क्रिकेटमध्ये आपण कर्णधाराला श्रेय देतो, कर्णधाराला शिव्या देतो. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये तो मान मॅनेजरचा. संघ निवडणे, डावपेच ठरवणे, सराव घेणे एवढेच नव्हे, तर कोणता खेळाडू किती पौंडांना विकत घ्यायचा आणि कोणाला विकायचा, हेही त्या काळी बहुतांशी मॅनेजरच ठरवी. त्याच्या डोक्यावर क्लबचे संचालक मंडळ आणि अध्यक्ष. आपल्याकडच्या सहकारी साखर कारखान्यातले संचालक मंडळ आणि त्याने नेमलेला कार्यकारी संचालक ज्यांनी जवळून पाहिले आहेत, त्यांना ही रचना वेगळी समजावून सांगायला नको. यश आले तर मंडळाची निवड अचूक ठरते आणि अपयश आले तर नेमलेला माणूस चुकीचा ठरतो.

१९६१ साली लीड्सची सूत्रे डॉन रेव्ही नावाच्या माणसाने हाती घेतली, तेव्हा क्लब दुसऱ्या विभागात धडपडत होता. तेरा वर्षांत रेव्हीने त्याला दोनदा, १९६९ आणि १९७४ साली, इंग्लंडचा विजेता केले. शिवाय १९७२चा एफ. ए. कप आणि युरोपातले फेअर्स कप दोन वेळा. १९७३-७४च्या हंगामात तर लीड्स पहिले २९ सामने ओळीने अपराजित राहिला आणि ४२ सामन्यांत अवघे चार हरला. हा चारचा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा.

रेव्हीची पद्धत घरकर्त्याची होती. प्रतिस्पर्धी संघाच्या बारीकसारीक सवयींची टिपणे तो तयार करवून खेळाडूंच्या हाती देई. सामन्याच्या आदल्या रात्री सर्वांना एकत्र बसवून बिंगोसारखे बैठे खेळ खेळवी. खेळाडूंच्या बायकामुलांची चौकशी करी. पंधरा-सोळा वर्षांची असताना आलेली पोरे त्याच्या हाताखाली संसारी पुरुष झाली. बाहेर मात्र या संघाची ख्याती चांगली नव्हती. लीड्सचे खेळाडू दांडगाई करतात, पंचांना घेरतात, जिंकण्यासाठी काहीही करतात, असा बोलबाला होता. आणि त्यात तथ्य नव्हते असे त्यांच्या चाहत्यांनाही म्हणवत नसे.

या टीकाकारांत सर्वांत मोठा आवाज ब्रायन क्लफचा होता. मौज अशी की क्लफ आणि रेव्ही दोघेही मिडल्सब्रो या एकाच औद्योगिक गावात जन्मलेले, दोघेही कामकऱ्यांच्या घरातले. रेव्हीचे वडील सुतार. क्लफ मोठ्या खटल्यातला. वयाच्या अकराव्या वर्षी इंग्लंडमध्ये जी परीक्षा देऊन पुढच्या चांगल्या शाळेत जाता येई, तीत तो नापास झाला होता. ही गोष्ट त्याने कधी लपवली नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच असल्यामुळे असेल, पण हा तपशील वाचताना मी थोडा थबकलो. एका परीक्षेने माणसाचे दार बंद होते आणि मग तो आयुष्यभर मोठ्याने बोलत राहतो, असे काहीसे माझ्या मनात आले. अर्थात हा माझा तर्क.

खेळाडू म्हणून क्लफने लीगच्या २७४ सामन्यांत २५१ गोल केले. १९६२च्या नाताळात गुडघा जायबंदी झाला आणि ऐन उमेदीत खेळ जवळजवळ संपला. मग तो मॅनेजर झाला. पीटर टेलर या मित्राला साहाय्यक घेऊन त्याने डर्बी काउंटी हा मागे पडलेला क्लब १९६९ साली पहिल्या विभागात आणला आणि १९७२ साली विजेता केला. १९७३च्या ऑक्टोबरात संचालकांशी भांडून दोघांनी राजीनामे दिले. या सगळ्या काळात क्लफ दूरचित्रवाणीवर आणि वृत्तपत्रांत लीड्सवर तुटून पडत असे. लीड्सला शिक्षा म्हणून खालच्या विभागात ढकलावे, असेही त्याने एकदा लिहिले होते.

१९७४च्या उन्हाळ्यात रेव्ही इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचा मॅनेजर झाला. जाताना त्याने आपल्या जागी संघातलाच अनुभवी खेळाडू जॉनी जाइल्स याचे नाव सुचवले. अध्यक्ष मॅनी कसिन्स आणि त्यांच्या मंडळाने ते बाजूला ठेवले आणि जुलैच्या अखेरीस बोलावले कोणाला, तर क्लफला! ज्याने आयुष्यभर या घराला नावे ठेवली, त्याच्याच हाती घराच्या किल्ल्या.

क्लफ एकटा आला. टेलरने त्या वेळी त्यांच्याकडे असलेला ब्रायटन क्लब सोडायला नकार दिला. मला वाटते, पुढच्या अनर्थाचे निम्मे कारण इथेच आहे. टेलर खेळाडूंना हसवी, चुचकारी, क्लफच्या जिभेने झालेली जखम बांधी. लीड्समध्ये जीभ आली, मलमपट्टी मागेच राहिली.

पहिल्या दिवसांतली त्याची एक सभा प्रसिद्ध आहे. खेळाडूंनी पुढे जे सांगितले त्यावरून, क्लफ त्यांना म्हणाला की तुमची सगळी पदके कचऱ्याच्या पेटीत टाका, कारण त्यांतले एकही तुम्ही सचोटीने जिंकलेले नाही. एडी ग्रे हा गुणी पण सतत दुखापतींनी बेजार झालेला खेळाडू. त्याला तो म्हणाला की तू घोडा असतास तर एव्हाना तुला गोळी घालावी लागली असती. ज्याची स्वतःची कारकीर्द गुडघ्यामुळे संपली त्याने हे बोलावे! कदाचित त्यानेच ते बोलावे, असेही असेल.

आता माझे कारण सांगतो. आमच्या गावात एक तालीम आहे. जुने वस्ताद थकले आणि मंडळींनी बाहेरगावाहून नवे वस्ताद आणले. शिकलेले, मॅटवरची कुस्ती जाणणारे. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी आमची जोर-बैठक पाहिली आणि म्हणाले, तुम्हांला आजवर सगळे चुकीचे शिकवले आहे. जुने वस्ताद तेव्हा बाहेर कट्ट्यावर बसले होते. दुसऱ्या दिवशी चौघेजण तालमीत आले नाहीत, आठवड्यात दहा. तीन महिन्यांत नवे वस्ताद गाव सोडून गेले. न येणाऱ्या दहांत मी होतो. त्या वेळी आम्हांला वाटले, आपण जुन्या वस्तादांचा मान राखला. पण त्यांचे डाव चुकीचे होते का, हे आमच्यापैकी कोणी तपासून पाहिले नाही. मॅटवर आम्ही पुढेही हरतच राहिलो. लीड्सची हकीकत वाचताना म्हणूनच मी कोणत्या बाजूला बसावे ते मला कळेना.

कारण क्लफचे म्हणणे पोकळ नव्हते. जाइल्स ३३ वर्षांचा झाला होता, कर्णधार बिली ब्रेम्नर ३१चा, नॉर्मन हंटर ३०चा. संघ उताराला लागणार हे उघड होते आणि नवे रक्त आणणे भाग होते. त्याने डंकन मॅकेन्झी हा आघाडीचा खेळाडू अडीच लाख पौंडांना घेतला, आणि डर्बीहून आपले जुने शिष्य जॉन मॅकगव्हर्न व जॉन ओ'हेअर यांना आणले. मॅकगव्हर्न ब्रेम्नरच्या जागी खेळला, तेव्हा स्वतःच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो केली. तो वाईट खेळत होता म्हणून नव्हे, तो ब्रेम्नर नव्हता म्हणून.

ब्रेम्नर का नव्हता, तेही सांगितले पाहिजे. १० ऑगस्टला वेम्बलीवर लीड्स आणि लिव्हरपूल यांच्यात चॅरिटी शील्डचा सामना झाला. संघ घेऊन मैदानात जाण्याचा मान क्लफने रेव्हीला देऊ केला होता. त्याने तो नाकारला. सामन्यात ब्रेम्नर आणि लिव्हरपूलचा केव्हिन कीगन यांच्यात मारामारी जुंपली, पंचांनी दोघांना बाहेर काढले आणि दोघांनीही जाता जाता अंगातले सदरे काढून टाकले. धर्मादाय निधीचा सामना आणि हा तमाशा! दोघांनाही दंड आणि कित्येक आठवड्यांची बंदी झाली. सामना बरोबरीत सुटून लिव्हरपूलने पेनल्टीवर जिंकला.

लीगची सुरुवात स्टोककडून ०-३ अशा पराभवाने झाली. मग घरच्या मैदानावर क्वीन्स पार्क रेंजर्सकडून ०-१. बर्मिंगहॅमवर १-० असा विजय, आणि तो एकुलता एक. नंतर एक बरोबरी, मँचेस्टर सिटीकडून हार, आणि ल्यूटनशी घरी पुन्हा बरोबरी. तेव्हा विजयाला दोन गुण मिळत. सहा सामन्यांत चार गुण, २२ संघांत १९वा क्रमांक. गेल्या वर्षीचा विजेता!

मंडळ घाबरले. खेळाडूंशी बोलणी झाली. तिथे कोण काय बोलले याबद्दल ज्याच्या त्याच्या आठवणी निराळ्या आहेत. १२ सप्टेंबर १९७४ रोजी क्लफला निरोप देण्यात आला. ४४ दिवस भरले होते.

त्याच संध्याकाळी यॉर्कशर टेलिव्हिजनने क्लफ आणि रेव्ही यांना एकाच स्टुडिओत शेजारी शेजारी बसवले. हे चित्रण आजही पाहायला मिळते. मी ते मोबाईलवर दोन-तीनदा पाहिले. इंग्रजी भराभर असल्याने पहिल्यांदा निम्मेच कळले, पण चेहरे कळले. रेव्ही विचारतो की तू माझ्या माणसांना नीट भेटलासुद्धा का नाहीस. क्लफ सांगतो की मला विजेतेपद तुझ्यापेक्षा चांगल्या रीतीने जिंकायचे होते. रेव्ही म्हणतो, त्याहून चांगले जिंकणार कसे, आम्ही चारच सामने हरलो होतो. त्यावर क्लफचे उत्तर असे की, मी तीनच हरलो असतो.

या प्रकरणावर डेव्हिड पीस याने 'द डॅम्ड युनायटेड' ही कादंबरी लिहिली (२००६) आणि तिच्यावरून २००९ साली चित्रपट निघाला. दोन्ही परिणामकारक असले तरी इतिहास म्हणून घेण्यासारखे नाहीत. जाइल्सने आपल्या चित्रणाबद्दल कायदेशीर कारवाई केली होती. इतिहासाच्या तासाला साधनांची चिकित्सा शिकवतात ती अशा वेळी आठवते.

हंगाम मात्र संपला नव्हता, आणि इथे गोष्ट विचित्र वळण घेते. ऑक्टोबरात जिमी आर्मफिल्ड हा इंग्लंडचा जुना कर्णधार मॅनेजर म्हणून आला. शांत, पाइप ओढणारा, कोणाला न दुखवणारा. (याने आपल्या कारकिर्दीत लीड्सच्या खेळाडूंना घेऊन तिथल्या नाट्यगृहात 'सिंड्रेला'चे नाटकही बसवले. आमच्या स्नेहसंमेलनाच्या दिग्दर्शकांनी फुटबॉलपटूंकडून संवाद पाठ करून घ्यावेत, मग त्यांना या माणसाची थोरवी कळेल.) त्याने जुन्याच मंडळींना हाताशी धरले. लीगमध्ये लीड्स नववा आला; विजेता ठरला क्लफचा जुना डर्बी काउंटी. पण युरोपियन कपमध्ये लीड्सने झ्यूरिक, उय्पेश्त, अँडरलेक्त यांना हरवले आणि उपांत्य फेरीत योहान क्रॉयफच्या बार्सिलोनाला बाहेर काढले. २८ मे १९७५ रोजी पॅरिसमध्ये अंतिम सामना बायर्न म्युनिकशी झाला. लीड्सचे पेनल्टीचे दावे पंचांनी फेटाळले, लॉरिमरचा गोल ऑफसाइड म्हणून रद्द केला, आणि मग रॉथ व म्युलर यांच्या गोलांनी बायर्न २-० असा जिंकला. लीड्सच्या प्रेक्षकांनी खुर्च्या उखडून फेकल्या, आणि क्लबवर युरोपातल्या स्पर्धांची बंदी आली.

म्हणजे खेळाडूंचे बरोबर होते? त्यांच्यात अजून दम होता, हे पॅरिसने सिद्ध केले. पण तो त्या पिढीचा शेवटचा मोठा सामना ठरला. पाठोपाठ एकेकजण गेला आणि १९८२ साली लीड्स दुसऱ्या विभागात घसरला. रेव्हीचेही राष्ट्रीय संघाशी जमले नाही. लीड्सच्या पोरांना जे बिंगो घरचे वाटे, ते निरनिराळ्या क्लबांतून चार दिवसांसाठी जमणाऱ्या खेळाडूंना पोरकट वाटले, असे सांगतात. १९७७ साली तो इंग्लंडचे काम सोडून संयुक्त अरब अमिरातीत गेला.

आणि क्लफ? जानेवारी १९७५मध्ये तो नॉटिंगहॅम फॉरेस्ट या दुसऱ्या विभागातल्या क्लबात रुजू झाला. लीड्सने नको झालेले मॅकगव्हर्न आणि ओ'हेअर त्याने लगेच आपल्याकडे नेले. पुढच्या वर्षी टेलरही आला. १९७७ साली फॉरेस्ट पहिल्या विभागात चढला आणि पहिल्याच वर्षी, १९७७-७८ साली, इंग्लंडचा विजेता झाला. ४२ सामन्यांत २५ विजय, १४ बरोबरी आणि पराभव तीन.

१९७९ साली म्युनिकमध्ये आणि १९८० साली माद्रिदमध्ये फॉरेस्टने युरोपियन कप जिंकला. दोन्ही वेळा कप उचलणारा कर्णधार मॅकगव्हर्न होता, एलंड रोडवर ज्याची हुर्यो झाली तोच. माद्रिदच्या सामन्यात उत्तरार्धात बदली म्हणून ओ'हेअरही मैदानात आला होता.