खोडदपर्यंतची दोन अंतरं

पुण्याहून खोडद किती लांब? याला दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही खरी आहेत.

आधी हवाई अंतर काढू. पुणे साधारण १८ अंश ३१ मिनिटं उत्तर अक्षांशावर आणि ७३ अंश ५१ मिनिटं पूर्व रेखांशावर आहे. खोडदची रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, १९ अंश ६ मिनिटं आणि ७४ अंश ३ मिनिटांवर. फरक उत्तरेकडे ३५ मिनिटांचा, पूर्वेकडे १२ मिनिटांचा. अक्षांशाचा एक अंश कुठेही जवळपास १११ किलोमीटरचा, म्हणून ३५ मिनिटांचे झाले ६५. रेखांशाचा अंश मात्र ध्रुवांकडे जाताना आक्रसत जातो. आपल्याकडे तो १०५ किलोमीटरच भरतो, म्हणून १२ मिनिटांचे २१. या दोन बाजूंचा काटकोन त्रिकोण मांडला की कर्ण येतो ६८ किलोमीटर. इतक्या जवळच्या गावांसाठी पृथ्वीची गोलाई सोडून दिली तरी बिघडत नाही. मुंबई-लंडनला मात्र ती धरावीच लागते.

रस्ता असा सरळ जात नाही. नाशिक महामार्ग मोशीला इंद्रायणी, राजगुरूनगरला भीमा, कळंबला घोड ओलांडत नारायणगावला पोचतो आणि तिथून पूर्वेला वळून खोडद. हे भरतं ८५ ते ९० किलोमीटर. गाडीला अडीच-तीन तास सहज लागतात, आणि त्यातला बराच वेळ चाकणच्या गर्दीत जातो. म्हणून वेळेचा अंदाज नुसत्या किलोमीटरवरून बांधू नये.

खोडदला पोचल्यावर हाच हिशेब पुन्हा भेटतो, फक्त कितीतरी बारीक. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत. १४ मधल्या चौकात, बाकीच्या १६ सुमारे १४ किलोमीटर लांबीच्या तीन भुजांवर. सर्वांत लांबच्या दोन डिशमध्ये २५ किलोमीटर अंतर आहे. आकाशातल्या स्रोताकडून येणारी लहर हवाई वाटेनेच येते, सेकंदाला ३ लाख किलोमीटर वेगाने. स्रोत बरोबर डोक्यावर असेल तर दोन्ही डिशना ती एकदमच गाठते. तो त्या दोन डिशच्या रेषेत क्षितिजाकडे कलला, की एकीला ती दुसरीपेक्षा जवळजवळ ८३ मायक्रोसेकंद उशिरा मिळते. पृथ्वी फिरत असल्यामुळे हा फरक सतत बदलत राहतो.

डिशपासून नियंत्रण कक्षापर्यंतचा प्रवास मात्र जमिनीवरचा. तो ऑप्टिकल फायबरमधून होतो आणि काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला २ लाख किलोमीटरच्या आसपासच असतो. १४ किलोमीटरच्या केबलला त्यामुळे ७० मायक्रोसेकंद लागतात. हवेतून तेच अंतर ४७ मध्ये कापलं असतं. सगळ्या डिशचे सिग्नल एकमेकांशी जुळवायचे तर जे आधी पोचले त्यांना थांबवून ठेवावं लागतं. हे काम संगणक करतो: कोणाला किती थोपवायचं, हे आकाशातली दिशा आणि केबलची लांबी दोन्ही धरून ठरतं.

इथे मायक्रोसेकंदाची चूकही फार मोठी. तेवढ्यात लहर ३०० मीटर पुढे जाते, आणि ही दुर्बीण टिपते त्या लहरींची लांबी साधारण २० सेंटिमीटर ते २ मीटर. म्हणून डिशची जागा नकाशावरून घेऊन भागत नाही. आकाशातलं स्थान अचूक माहीत असलेल्या तेजस्वी रेडिओ स्रोतांकडे डिश रोखतात, लहर कुठे किती उशिरा पोचली ते मोजतात आणि त्यावरून डिशमधली अंतरं उलट काढतात.