रस्त्यावरच्या डॉक्टरांचा वर्ग

कारखान्यात यंत्राखाली कामगाराचे पाय अडकलेत. चार तास झाले. माणूस शुद्धीवर आहे, बोलतोय. जॅक लावून तयार आहे आणि सगळ्यांना वाटतंय, उचला यंत्र, काढा त्याला बाहेर. पण एवढ्या घाईनेच त्याचा जीव जाऊ शकतो. तासन्‌तास चेपलेल्या स्नायूंतून सुटलेलं पोटॅशियम तिथेच साचतं. दाब हटला की ते रक्तातून हृदयाकडे धावतं आणि हृदय थांबू शकतं. म्हणून आधी शिरेतून सलाइन, मग जॅक. यंत्र हलतच नसेल तर पाय जागेवरच कापायचा का, हेही ठरवावं लागतं. असा प्रसंग एखाद्या डॉक्टरच्या वाट्याला जन्मात एकदा येतो, किंवा येतही नाही. आला, तर तेव्हा पुस्तक उघडायला वेळ नसतो.

मग हे शिकायचं कुठे? अमेरिकेत इमर्जन्सी मेडिकल सर्व्हिसेस, म्हणजे ईएमएस, या शाखेत तयार होणाऱ्या डॉक्टरांपुढचा हा रोजचा प्रश्न आहे.

तिथे रुग्णवाहिकेवर सहसा डॉक्टर नसतो, पॅरामेडिक असतात. कोणतं औषध कधी द्यायचं, याचे लेखी नियम एक डॉक्टर घालून देतो आणि त्यांची जबाबदारीही घेतो. अडलं तर पॅरामेडिक रेडिओवरून डॉक्टरला विचारतात. या परंपरेचं एक मूळ पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्टमध्ये सापडतं. या कृष्णवर्णीय वस्तीत १९६७ साली फ्रीडम हाउस रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. डॉ. पीटर सफार यांनी वस्तीतल्याच बेरोजगार तरुणांना जीव वाचवायला शिकवलं. पुढे वैद्यकीय संचालक झालेल्या डॉ. नॅन्सी कॅरोलाइन स्वतः गाडीत बसून शिकवत. १९७५ मध्ये सेवा बंद पडली, पण तिथे घडलेला अभ्यासक्रम देशभरातल्या पॅरामेडिक प्रशिक्षणाचा पाया ठरला.

ईएमएस डॉक्टरांच्या विद्येला स्वतंत्र उपशाखा म्हणून मान्यता मिळाली ती मात्र २०१० साली. पहिली परीक्षा २०१३ मध्ये झाली. बहुतेक जण आपत्कालीन वैद्यकाचं तीन-चार वर्षांचं शिक्षण संपवून एका वर्षाच्या फेलोशिपला येतात. रुग्णवाहिका, कंट्रोल रूम, जत्रेसारखी मोठी गर्दी, रसायनगळती, महापूर हे सगळं त्या एका वर्षात.

आणि एका संस्थेत विद्यार्थी किती? बहुधा एक किंवा दोन. एवढ्यांचा वर्ग कसा भरणार? शिवाय प्रत्येक गावाचे अपघात वेगळे. मिनेसोटात गोठलेली माणसं येतात, फ्लोरिडात उष्माघाताची, कॅलिफोर्नियात वणव्याच्या धुराने गुदमरलेली. एका गावात वर्ष काढलेला डॉक्टर त्या गावापुरताच तयार होतो. म्हणून अनेक संस्थांनी आपापले वर्ग व्हिडिओवरून जोडून घेतले. २०२० च्या महासाथीत ही सवय पक्की झाली.

अशा वर्गात रुग्णाचं नाव-गाव काढून टाकून एक घटना मांडली जाते. इतर गावचे विद्यार्थी आधी प्रश्न विचारतात: मदत पोचायला किती वेळ लागला? गाडीत काय होतं? मग नियमांची तुलना होते. टेक्सासमध्ये सॅन अँटोनियोच्या परिसरात २०१८ पासून हेलिकॉप्टरमध्येच रक्त दिलं जातं. ते थंड कसं ठेवायचं, उरलं तर वाया न घालवता परत कसं फिरवायचं, हे दुसऱ्या शहराला नुसत्या शोधनिबंधातून उमगत नाही, विचारावं लागतं.

या पद्धतीची ताकद दुसऱ्या एका विषयात मोजली गेली आहे. पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात शिकलेल्या डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ साली न्यू मेक्सिकोत ‘प्रोजेक्ट एको’ सुरू केला. खेड्यापाड्यांतल्या आणि तुरुंगांतल्या डॉक्टरांनी हिपॅटायटिस सीचे रुग्ण दूरसंवादातून मांडायचे आणि तज्ज्ञांसोबत उपचार ठरवायचे. २०११ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले: तिथल्या विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के रुग्ण बरे झाले, दूरच्या २१ केंद्रांवर ५८.२ टक्के. शिकणाऱ्याला एकटं सोडलं नाही, तर खेड्यातही विद्यापीठाच्या तोडीचा उपचार होतो, हे त्या आकड्यांनी दाखवलं.

पडद्यावर सगळं येत नाही, हे खरंच. उलटलेल्या गाडीत पोटावर झोपून श्वासनलिकेत नळी घालणं हातांनाच शिकावं लागतं. पण निर्णय हातांआधी मनात होतो आणि मनाची तयारी दुसऱ्याच्या अनुभवावर करता येते.

मला हे आपल्यासाठी मोलाचं वाटतं. २०१४ पासून धावणाऱ्या महाराष्ट्राच्या १०८ सेवेत रुग्णवाहिकेवर डॉक्टरच असतो. भामरागडच्या वाटेवर एका डॉक्टरला सर्पदंश भेटतो, घाटात दुसऱ्याला दरीत गेलेली बस, मुंबईत तिसऱ्याला रुळांवर पडलेला माणूस. तिघे एकाच राज्यात, एकाच नंबरवर धावतात. आठवड्यातून एक तास हे तिघे एका वर्गात बसले, तर घाटात अडकलेल्या माणसापाशी पोचणारा डॉक्टर एकटा नसेल. आधी सलाइन, मग जॅक, हे त्याला कुणीतरी आधीच सांगितलेलं असेल.