उतार, उसाची ट्रॉली आणि न्यूट्रल



गळीत हंगामात ऊस वाहतुकीत एक सवय हमखास दिसते. उतार लागला की ट्रॅक्टर न्यूट्रलला टाकायचा. "तेवढंच डिझेल वाचतं" असे सांगतात. बालाघाटाच्या डोंगररांगेमुळे आपल्या धाराशिव जिल्ह्यात चढ-उतार पुष्कळ. तुळजापूरचा घाट आहे, येडशीचा आहे. म्हणून या सवयीमागचा हिशेब आम्ही येथे मांडत आहोत. आपली मुले नववीच्या विज्ञानात गती आणि ऊर्जा शिकतात, तोच हा धडा आहे.

चालती वस्तू चालतच राहू पाहते. तिच्यात साठलेल्या शक्तीला गतिज ऊर्जा म्हणतात. वजन दुप्पट झाले तर ही ऊर्जा दुप्पट होते. पण वेग दुप्पट झाला तर ती चौपट होते. ताशी 20 कि.मी. वेगाची धडक म्हणजे सुमारे 5 फुटांवरून पडणे. ताशी 40 ची धडक म्हणजे 20 फुटांवरून, जणू विहिरीच्या काठावरून तळाला पडणे.

आता उताराचे पाहू. ट्रॅक्टर आणि दोन भरल्या ट्रॉल्या मिळून 20 टन धरा. हे ओझे 20 मीटर खाली उतरते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, तेवढे काम करायला 5 एच.पी. च्या मोटारीला 17-18 मिनिटे लागतील. उतारावर ती दोन-तीन मिनिटांत कुठेतरी जिरवावी लागते. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतो आणि त्याची पकड सुटत जाते. बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेकच नसतात. मग मागचं ओझं ट्रॅक्टरला रेटतं आणि तो आडवा होतो.

बैलगाडी उताराला लागली की बैल मागे रेटून गाडी अंगावर धरतात. खालच्या गिअरमधले इंजिन हेच काम करते. न्यूट्रल करणे म्हणजे भर उतारावर बैल सोडून देणे! क्लच दाबून ठेवला तरी तेच.

आणि डिझेल? गिअरमध्ये रेस सोडून उतरताना चाकेच इंजिन फिरवतात, तेव्हा गव्हर्नर डिझेल जवळजवळ बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यासाठी डिझेल जळतच राहते. म्हणजे बचत होतच नाही.

तेव्हा वाहतूकदार सभासदांनी व चालकांनी एवढे पाळावे:

1. जो चढ ज्या गिअरने चढाल, तसाच उतार त्याच गिअरने उतरा. गिअर उताराच्या आधीच टाका.
2. रस्त्यावर डावे-उजवे ब्रेक पेडल खटक्याने जोडलेले ठेवा. एकच चाक धरले की ट्रॅक्टर गर्रकन फिरतो.
3. क्षमतेपेक्षा जास्त ऊस भरू नका.

खेप दहा मिनिटं उशिरा आली तरी चालेल, पण चालक घरी सुखरूप पोचला पाहिजे.

— ऊस विकास अधिकारी