नवं बिऱ्हाड, नवा हिशेब

नागपूरच्या कुटुंब न्यायालयाने २०१५ मध्ये एका आईला दरमहा १५,००० रुपयांची अंतरिम पोटगी मंजूर केली. मुलासाठीची रक्कम वेगळी. नवऱ्याने दाद मागत प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलं. त्याच दाव्यात ४ नोव्हेंबर २०२० रोजी देशभराला लागू होणारे दंडक आले: पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजायची, आणि दोघांनीही मिळकत, मालमत्ता, कर्जं शपथपत्रावर मांडायची. म्हणूनच घरातून निघताना कपड्यांआधी पासबुकं, आयकर विवरणपत्रं आणि विमा पॉलिसींच्या प्रती पिशवीत पडायला हव्यात.

दागिने? स्त्रीधन बाईचंच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच स्पष्ट केलंय.

भाड्याचं घर घेताना तोंडी बोलीवर राहू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. स्वतःच्या नावाचा हा कागद पुढे गॅसजोडणीला, बँकेत पत्ता बदलायलाही उपयोगी पडतो.

सगळ्यात जास्त फसगत होते ती संयुक्त गृहकर्जात. फ्लॅट कोणाकडे राहणार हे आपसांत ठरलं, तरी बँकेच्या लेखी दोघंही कर्जदारच. एकाने हप्ता चुकवला, की दुसऱ्याचाही सिबिल स्कोअर घसरतो. कर्जातून नाव काढण्याला बँकेची लेखी संमती लागते. ती घटस्फोटाच्या तडजोडपत्रावर सही करण्याआधीच मागून घ्यावी.