कॅमेरा गेलेला नसतो, रिबन तिरकी बसलेली असते

मुलुंड पश्चिमेच्या डोंगराकडच्या इमारती संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला उभ्या आहेत. मागच्या खिडकीतून झाडी दिसते आणि कधी रात्री कुत्रे एका सुरात भुंकायला लागले की सोसायटीतलं कुणीतरी म्हणतंच, "आला असेल." बिबट्या! त्यामुळे आमच्याकडच्या शाळा-कॉलेजातल्या मुलांच्या हाती रास्पबेरी पाय हा छोटा संगणक-बोर्ड आला की पहिला प्रकल्प ठरलेला असतो, खिडकीत कॅमेरा लावायचा आणि रात्री काय येतं ते बघायचं.

मागच्या पावसाळ्यात शेजारच्या विंगमधली अकरावीतली मुलगी डबीत कॅमेरा मॉड्यूल घेऊन आली. "काका, हा गेला. नवीन घ्यायला लागणार." दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं, लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून दुसरा आणायचा, असं तिने ठरवूनच टाकलं होतं. कॅमेरा गेलेला नव्हता. गेली काही वर्षं मुलांना या जोडण्या करून देताना "गेलेले" म्हणून माझ्याकडे आलेले बहुतेक कॅमेरे चांगलेच निघाले. मुलांनी खाऊच्या पैशांतून घेतलेली चांगली वस्तू कचऱ्यात जाते आणि "आपल्याला हे जमत नाही" अशी समजूत मागे उरते, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून यातले गैरसमज एकदा नीट सांगतो.

"रिबन उलटी लागली, म्हणून जळला"

सगळ्यात मोठी भीती हीच. कॅमेरा बोर्डाला जोडणाऱ्या या चपट्या रिबनच्या टोकाला धातूच्या पट्ट्या एकाच बाजूला उघड्या असतात. दुसऱ्या बाजूला बहुधा निळी, कडक प्लास्टिकची पट्टी असते. कनेक्टरमधल्या पिनाही एकाच बाजूला असतात. रिबन उलटी घातली तर पिनांसमोर नुसतं प्लास्टिक येतं. संपर्क होत नाही, वीज पोचत नाही, कॅमेरा सापडत नाही. रिबन फिरवून घाला, चालू होईल.

कुठली बाजू कुठे, हे पाठ करण्यापेक्षा कनेक्टरमध्ये डोकावून चकाकणाऱ्या पिना कुठे आहेत ते बघावं. रास्पबेरी पाय ४ वर निळी बाजू इथरनेटकडे आणि धातू एचडीएमआयकडे येतो. पाय झिरोवर धातू खाली, बोर्डाकडे. कॅमेऱ्याच्या मागच्या कनेक्टरमध्येही धातू कॅमेऱ्याच्या पाटीकडेच. लॉकची प्लास्टिक पट्टी आधी हलकेच उचलायची किंवा ओढायची, रिबन तळापर्यंत सरळ घालायची आणि मग लॉक दाबायचं. लॉक न उघडता रिबन कोंबली तर मात्र नुकसान होतं. तुटतं ते लॉक, कॅमेरा नव्हे.

जपायला हवं ते दुसऱ्याच गोष्टीला. ही जोडणी यूएसबीसारखी चालू बोर्डावर करायची नसते. आधी बोर्ड बंद करायचा, वीज काढायची, मग रिबनला हात लावायचा. चालू असताना तिरकी सरकलेली पट्टी ३.३ व्होल्टची तार शेजारच्या तारेला टेकवू शकते. पाय ४ वर "कॅमेरा" आणि "डिस्प्ले" असे दोन हुबेहूब कनेक्टर असतात, तेव्हा घाईत नाव वाचायचं राहू नये.

"कॅमेरा ओळखला, म्हणजे जोडणी ठीक आहे"

त्या मुलीची अडचण ही होती. बोर्डाकडे जोडलेल्या कॅमेऱ्यांची यादी मागितली की कॅमेऱ्याचं नाव यायचं, फोटो काढायला सांगितला की बोर्ड काही वेळ थांबून चूक दाखवायचा. "म्हणजे सेन्सरच गेला ना?" नाही. यासाठी रिबनमधल्या तारा समजून घ्यायला हव्यात.

१५ तारांच्या रिबनमध्ये दोन वेगवेगळ्या गोष्टी चालतात. चित्राची माहिती दोन जोड्यांमधून वाहते, तिसरी जोडी त्यांना ताल देते आणि जोड्यांच्या मधून ग्राउंडच्या तारा जातात. हा सगळा वेगवान भाग आहे. ८ मेगापिक्सेलच्या कॅमेरा मॉड्यूल २ मधला सोनीचा आयएमएक्स२१९ सेन्सर प्रत्येक जोडीतून सेकंदाला सुमारे ९१ कोटी बिट पाठवतो. दुसरा भाग अगदी संथ आहे. आय-टू-सी नावाच्या दोन तारांवरून बोर्ड विचारतो, "कोण आहे?" आणि सेन्सर आपला क्रमांक सांगतो. एक्स्पोजर किती, गेन किती, हेही याच तारांवरून ठरतं.

आता या तारांची जागा बघा. आय-टू-सीच्या दोन तारा आणि ३.३ व्होल्टची तार रिबनच्या एका कडेला शेजारी शेजारी आहेत, चित्राच्या जोड्या दुसऱ्या कडेकडे. रिबन किंचित तिरकी बसली आणि एकाच कडेला टेकली, तर वीजही पोचते, ओळखही पटते, फक्त चित्र येत नाही. कॅमेऱ्याकडून काही येईना म्हणून बोर्ड वाट बघून थांबतो आणि कनेक्टर नीट बसलाय का तपासा, असा संदेश देतो. मुलं तो संदेश वाचतच नाहीत. तारांमधलं अंतर १ मिलीमीटर असतं, इतकी ही कसर बारीक आहे. आम्ही वीज काढली, दोन्ही टोकं उघडली, रिबन सरळ बसवली. चित्र आलं.

जुन्या मॉड्यूल १ आणि २ मध्ये आणखी एक जागा असते. भिंगाचा चौकोनी ठोकळा एका इवल्याशा कनेक्टरने पाटीवर दाबून बसवलेला असतो. तो ठोकळा हाताळताना निसटतो. बोटाने हलकेच दाबला की बसतो. मोठी रिबन दहा वेळा काढून घालणाऱ्यांचं इकडे लक्ष जात नाही.

"टोकं जुळली की रिबन चालते"

ऑक्टोबर २०२३ मध्ये पाय ५ आला आणि हा घोळ वाढला. त्यावर २२ तारांचे, अर्ध्या मिलीमीटर अंतराचे दोन बारीक कनेक्टर आहेत. कॅमेरा मॉड्यूलवर मात्र १५ तारांचा रुंद कनेक्टरच आहे. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला अरुंद अशी रिबन लागते. पाय झिरोची कॅमेरा रिबनही इथे चालते. पण डिस्प्लेसाठी विकली जाणारी रुंद-अरुंद रिबन आतून वेगळ्या जोडणीची असते. टोकं तंतोतंत बसतात, कॅमेरा दिसत नाही. रिबनवर काय छापलंय ते दुकानातच वाचून घ्या.

लॅमिंग्टन रोडच्या काउंटरवर याच ढिगात ईएसपी३२-कॅम या वेगळ्या बोर्डाचा छोटा कॅमेराही असतो. त्याची रिबन २४ तारांची, आतली माहिती आठ समांतर तारांवरून जाणारी. रास्पबेरी पायच्या कनेक्टरची भाषाच वेगळी, त्यामुळे तो इथे लागत नाही. जुन्या मोबाइलमधून काढलेल्या कॅमेऱ्याचंही तेच. मुलं मोठ्या आशेने आणतात आणि मला नाही म्हणावं लागतं. कनेक्टर वेगळा, तारांचा क्रम वेगळा, आणि एखाद्याने त्या बारीक तारा जोडल्याच तरी सेन्सरचा ड्रायव्हर आणि रंग जुळवण्याची माहिती कुठून आणणार? मोबाइलमधला फोटो भिंगाइतकाच त्या माहितीने घडलेला असतो.

"व्हिडिओत दाखवलेला आदेश चालत नाही, म्हणजे कॅमेरा खराब"

पहिलं कॅमेरा मॉड्यूल मे २०१३ मध्ये आलं. तेव्हापासूनच्या असंख्य धड्यांमध्ये 'रास्पीस्टिल' हा आदेश आहे. २०२१ च्या अखेरीस पायच्या कार्यप्रणालीच्या बुल्सआय आवृत्तीत लिबकॅमेरा ही नवी रचना आली आणि २०२३ च्या बुकवर्मपासून जुनी वाट पूर्ण बंद झाली. आता आदेश 'आरपीआयकॅम' या नावाने सुरू होतात. पायथनमध्येही पायकॅमेराच्या जागी पायकॅमेरा२ आहे. दहा वर्षांपूर्वीचा धडा आणि आजच्या कार्डावरची प्रणाली यांची सांगड बसत नाही, एवढंच. रास्पबेरी पाय कंपनीची स्वतःची मॉड्यूल आपोआप ओळखली जातात. दुसऱ्या कुणाचा सेन्सर असेल तर कॉन्फिग फाइलमध्ये त्याचं नाव लिहावं लागतं.

"जास्त मेगापिक्सेल घ्या, रात्रीचं चांगलं दिसेल"

रात्री पिक्सेलची संख्या कामाला येत नाही, आकार येतो. मॉड्यूल २ चा पिक्सेल १.१२ मायक्रॉनचा, तर २०२० च्या हाय क्वालिटी कॅमेऱ्याचा १.५५ मायक्रॉनचा. क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट, म्हणून प्रकाशही तितका जास्त. आणि वेगवान वस्तू टिपणारा ग्लोबल शटर कॅमेरा? फक्त १.६ मेगापिक्सेल. पण मुलुंड स्टेशनातून न थांबता जाणाऱ्या फास्ट लोकलचा फोटो काढा. साध्या सेन्सरमध्ये डब्यांच्या उभ्या कडा तिरक्या येतात, कारण तो ओळीमागून ओळ वाचतो. ग्लोबल शटर सगळी चौकट एका क्षणी टिपतो.

फोकसचंही सांगून ठेवतो. ग्रिलवर येणारा दयाळ पक्षी मॉड्यूल २ मध्ये धूसर दिसला तर कॅमेऱ्याला दोष देऊ नका. त्याचा फोकस दूरवर बांधलेला असतो, भिंगाची कडी फिरवून जवळ आणावा लागतो. मॉड्यूल ३ मध्ये ऑटोफोकस आहे.

"नोआयआर कॅमेऱ्याला अंधारात दिसतं"

इथे आमच्या बिबट्याकडे परत यायला हवं. प्रत्येक सिलिकॉन सेन्सरला अवरक्त प्रकाश दिसतोच. नेहमीच्या कॅमेऱ्यात तो अडवणारी एक काच असते, कारण त्याने रंग बिघडतात. नोआयआरमध्ये ती काच नसते. म्हणून दिवसा झाडी गुलाबीसर दिसते, आणि तो बिघाड नव्हे. पण नुसती काच काढून अंधार उजळत नाही. अवरक्त दिवा वेगळा लावावाच लागतो. ८५० नॅनोमीटरच्या दिव्याची मंद लाल ठिणगी माणसाला दिसते. ९४० चा दिवा डोळ्यांना दिसत नाही, पण सेन्सरही त्याला कमी प्रतिसाद देतो, म्हणून तो जास्त ताकदीचा लागतो. खिडकीच्या काचेआड दिवा ठेवला तर उजेड काचेवरून परतून कॅमेऱ्यातच येतो. दिवा काचेच्या बाहेर ठेवा.

जंगलातले अनेक कॅमेरा ट्रॅप याच तत्त्वावर चालतात. २०१५ मध्ये संशोधक निकित सुर्वे यांनी राष्ट्रीय उद्यान आणि लगतच्या भागात कॅमेरा ट्रॅप लावून केलेल्या अभ्यासात ३५ बिबटे नोंदले गेले. प्रत्येक बिबट्याच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी, आणि एकाच बिबट्याच्या डाव्या-उजव्या अंगावरचीही वेगळी. म्हणून वाटेच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे लावतात. अशी मोजणी का लागते, हे मुलुंडकरांना सांगायला नको. जानेवारी २०१८ मध्ये मुलुंड पूर्वेच्या नानेपाड्यात बिबट्या शिरून काही जण जखमी झाले होते.

हे ऐकलं की मुलं विचारतात, "मग पाय वापरून आपणच ट्रॅप बनवू या?" खिडकीत, प्लगला जोडून, जरूर. रानात मात्र दोन गोष्टी आड येतात. तयार ट्रॅप झोपून असतो, उष्ण शरीर हललं की सेकंदाच्या आत फोटो घेतो आणि साध्या सेलवर आठवडेच्या आठवडे टिकतो. बंद ठेवलेल्या पायला लिनक्स सुरू करायलाच पंधरा-वीस सेकंद लागतात, तोवर बिबट्या निघून गेलेला. सतत चालू ठेवावा तर पाय ४ काही न करताही सुमारे ३ वॉट घेतो. २०,००० एमएएचची पॉवर बँक एक दिवसही पुरत नाही. शिवाय उद्यानाच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय कॅमेरा लावता येत नाही.

"रिबन लांब घेतली की कॅमेरा बाहेर, बोर्ड आत"

सोबत येणारी रिबन १५ ते २० सेंटीमीटरची असते, कंपनी पाय ५ साठी अर्ध्या मीटरपर्यंत देते. मीटर-दोन मीटरच्या रिबनही मिळतात आणि काहींच्या चालतातही. पण एवढ्या वेगाच्या तारा लांबवल्या की आसपासचा विद्युत गोंगाट आत शिरतो आणि चित्र मधूनच थांबतं. कॅमेरा लांबच हवा असेल तर साधा यूएसबी वेबकॅम घ्यावा. यूएसबी २ ची तार पाच मीटरपर्यंत जाते, फक्त 'आरपीआयकॅम'चे आदेश त्याला लागू नाहीत. नाहीतर बोर्डच कॅमेऱ्याजवळ बंद डब्यात ठेवून चित्र वायफायने घरात आणावं. मुलुंडच्या पावसाळी हवेत डब्यात सिलिका जेलची पुडी टाकावी आणि रिबनला डब्याच्या कडेवर घडी पडू देऊ नये.

त्या मुलीने तेच केलं. पहिल्या रात्री तीन कुत्रे आणि एक मांजर आलं. चौथ्या रात्री भिंतीवरून चालत जाणारं उदमांजर, दोन्ही डोळे अवरक्त दिव्यात चमकणारे. सकाळी सहाला माझी बेल वाजली होती.