भिंतीवरचा लाकडी टेलिफोन

काही वर्षांपूर्वी मुंबईच्या एका जुन्या बाजारात मी एक लाकडी टेलिफोन विकत घेतला. भिंतीवर टांगायची उभी पेटी, वर वाट्यांसारख्या दोन घंटा, मध्ये बोलायचा कर्णा, डाव्या अंगाला आकड्याला अडकवलेला रिसीव्हर आणि उजव्या अंगाला फिरवायचा दांडा. दुकानदार म्हणाला, "साहेब, शंभर वर्षांचा माल आहे." मी पडलो इतिहास शिकवणारा माणूस, जुने म्हटले की माझा हात खिशाकडे जातोच. घरी येऊन हौसेने पेटीचे दार उघडले, तो आत काय? काहीच नाही! नुसती पोकळी. दांडा भिंगरीसारखा गरगर फिरत होता, पण आत त्याच्याशी काही जोडलेलेच नव्हते.

प्रथम राग आला. मग मनात आले, आत काय असायला हवे होते, हे तरी मला कुठे ठाऊक होते? फसवणुकीचा निम्मा दोष माझ्या अज्ञानाकडेच जात होता. म्हणून मी त्याचा शोध घेऊ लागलो, आणि जे कळले ते आज तुम्हांला सांगणार आहे.

असा टेलिफोन तुमच्यापैकी वडीलधाऱ्या मंडळींनी रेल्वेच्या फाटकावर, गेटमनच्या खोलीत पाहिला असेल. तो लाकडी असेल वा नसेल, पण दांडा फिरवून स्टेशनमास्तरला बोलवायची रीत तीच. खऱ्या लाकडी टेलिफोनच्या पेटीत वरच्या बाजूला घोड्याच्या नालेच्या आकाराचे पोलादी लोहचुंबक एका ओळीत बसवलेले असतात. त्यांच्या मध्ये बारीक तारेचे वेटोळे असते. दांडा फिरवला की वेटोळे चुंबकांमध्ये फिरते, सुमारे ऐंशी-नव्वद व्होल्टची वीज निर्माण होते, आणि ती तारेवरून जाऊन पलीकडच्या घंटा वाजवते. पेटीच्या खालच्या भागात दोन कोरडे सेल. त्यांची वीज कर्ण्यामागच्या कोळशाच्या कणांतून जाते. आपल्या आवाजाने ते कण कमीजास्त दाबले जातात, तसतसा प्रवाह कमीजास्त होतो, आणि दूरच्या रिसीव्हरमध्ये तोच आवाज उमटतो. थोडक्यात काय, बोलवायला दांडा आणि बोलायला बॅटरी! रिसीव्हर आकड्यावर ठेवला की त्याच्या वजनाने आकडा खाली जातो, बॅटरीची जोडणी तुटते आणि सेल वाचतात.

आता तुम्ही म्हणाल, घरात स्वतःची वीज बाळगायची ही यातायात कशासाठी? ह्याचे उत्तर अमेरिकेतल्या खेड्यांत सापडते. अलेक्झांडर ग्रॅहम बेल ह्यांना टेलिफोनचे पेटंट १८७६ साली मिळाले. आपल्याकडेही मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे १८८२ साली टेलिफोन केंद्रे सुरू झाली. अमेरिकेत बेल ह्यांची मुख्य पेटंटे १८९३ आणि १८९४ साली संपली. तोवर त्यांच्या कंपनीचा सगळा ओढा शहरांकडे होता. मैलभर तार ओढावी तेव्हा कुठे एक शेतकरी गिऱ्हाईक म्हणून मिळणार. कोण जातो तिकडे? पेटंटे संपताच नवे कारखानदार पुढे आले. शिकागो शहरात १८९४ साली स्ट्रॉमबर्ग-कार्लसन आणि १८९७ साली केलॉग ह्या कंपन्या निघाल्या. त्या शेतकऱ्यांना ओक किंवा अक्रोडाच्या लाकडाचे टेलिफोन विकू लागल्या.

आणि तार? ती शेतकऱ्यांनी स्वतः ओढली. आपल्या गावात वर्गणी काढून देऊळ बांधतात ना, तसे चार शेजारी एकत्र आले, खांब रोवले, तार बांधली. पश्चिमेकडे तर काही ठिकाणी कुंपणाच्या काटेरी तारेवरूनच बोलणे चाले! शहरात बोलण्यापुरती वीज मुख्य केंद्रातून पुरवण्याची सोय झाली, तशी तिथली पेटी लहान झाली. खेड्यातली पेटी मात्र मोठी राहिली, कारण तिला आपली वीज आपणच पुरवायची होती. पेटीचा आकार असा का, ह्याचे उत्तर हे असे पेटीच्या आत आहे.

एका तारेवर अनेक घरे असत. एकाची घंटा वाजली की सगळ्यांची वाजे. म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली: कुणाची एक लांब आणि दोन आखूड, कुणाची तीन आखूड. दुसऱ्याची खूण वाजली तरी हळूच रिसीव्हर उचलून ऐकणारे लोक होतेच. माणूस सगळीकडे सारखाच! पण गंमत अशी की जितके जण चोरून ऐकत, तितका प्रवाह वाटला जाई आणि आवाज क्षीण होई. म्हणजे बोलणाऱ्याला चोरी कळल्याशिवाय राहत नसे. आग लागली किंवा कुणावर संकट आले, तर लांबच लांब घंटा वाजवत. मग मात्र सगळ्यांनी ऐकायचे आणि धावून जायचे.

१९२०च्या शिरगणतीत अमेरिकेतल्या दर शंभर शेतांपैकी सुमारे एकोणचाळीस शेतांवर टेलिफोन होता. पुढे शेतमालाचे भाव पडले, तारा मोडकळीला आल्या, आणि १९४० साली हे प्रमाण सुमारे पंचवीसवर उतरले. १९४९ साली तिथल्या सरकारने कायदा करून खेड्यांतल्या टेलिफोनसाठी कर्जे द्यायला सुरुवात केली. नव्या तारा आल्या, तबकडीचे टेलिफोन आले, लाकडी पेट्या अडगळीत गेल्या. मेन राज्यातल्या ब्रायंट पाँड ह्या गावी दांड्याचा टेलिफोन १९८३पर्यंत टिकला, पण तो अपवादच.

अडगळीतल्या पेट्यांचे काय झाले? पुष्कळांनी आतले यंत्र उपटून फेकले. पेटीत कुणी रेडिओ बसवला, कुणी मसाल्याच्या बाटल्या ठेवल्या. पेटी भिंतीवर शोभून दिसली, पण ती मुकी झाली. पुढे संग्राहक जागे झाले, त्यांच्या संस्था निघाल्या. आज जाणता संग्राहक आधी पेटीचे दार उघडतो, लाकडाची चकाकी मागाहून पाहतो.

तुमच्यापुढे कधी असा टेलिफोन आला, तर तुम्हीही तसेच करा. आधी तो उचलून पाहा. चुंबकांमुळे खरा टेलिफोन चांगलाच जड लागतो. दांडा फिरवताना हाताला जोर जाणवला पाहिजे; मात्र उघड्या तारांना हात लावू नका, झटका बसेल. दाराच्या आतल्या बाजूला पुष्कळदा तारांच्या जोडणीचा छापील कागद चिकटवलेला असतो. तो फाटका असला तरी जपा; दुरुस्ती करणाऱ्याला त्याच्यासारखा वाटाड्या नाही. कर्ण्यावर पेटंटच्या तारखा कोरलेल्या असतील, तर शेवटची तारीख पाहा. वस्तू तिच्या आधीची नाही, एवढे त्यावरून कळते. त्याच साली बनली असे मात्र समजू नका, आणि कर्णा मागाहून बदललेला नाही ना हेही पाहा. जुने सेल गळत असतील तर काढून टाका. पण लाकूड घासून नवे कोरे करू नका. पुढच्या उतरत्या फळीवर निरोप लिहिता लिहिता पेन्सिलीचे ओरखडे पडलेले असतात. तीच त्या घरातल्या माणसांची सही.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. असा टेलिफोन तुमच्या शाळेत येईलच असे नाही. पण जाते, मोटेचे चाक, जुना तराजू, बंद पडलेला रेडिओ ह्या वस्तू गावात अजून सापडतात. त्या शाळेत आणाल तेव्हा रंग देऊन नुसत्या मांडून ठेवू नका. ती कुणाच्या घरची, कशी चाले, कुणी वापरली, हे मुलांना त्या घरी पाठवून विचारून घ्या आणि वहीत लिहून ठेवा. सांगणारे म्हातारे आज आहेत. ते काही आपली वाट पाहत थांबणार नाहीत.

माझी ती रिकामी पेटी अजून भिंतीवर आहे. विद्यार्थी घरी आले की मी त्यांना तिचे दार उघडायला सांगतो आणि विचारतो, "ह्यात काय नाही, ते सांगा पाहू!" तिला दिलेले पैसे मी असे थोडेथोडे वसूल करीत आहे.